भाकीत खरं ठरलं म्हणजे नेमकं काय झालं?

डिसेंबर संपत आला की टीव्हीवर आणि व्हॉट्सॲपवर बाबा वांगा हमखास येते. बल्गेरियातली ही अंध बाई १९९६ मध्ये वारली. तिने स्वतःच्या हाताने भाकितांची वही लिहून ठेवलेली नाही. तिच्या नावावर जे खपतं ते इतरांनी सांगितलेलं असतं. तरी दरवर्षी 'येत्या वर्षाबद्दल बाबा वांगा काय म्हणाली' याची ताजी यादी निघते, आणि गेल्या वर्षीची यादी काढून तिच्यातलं किती घडलं हे बघायचं कुणाच्या मनात येत नाही. तिचं सगळ्यात गाजलेलं भाकीत म्हणून 'कुर्स्क पाण्याखाली जाईल' हे सांगतात. कुर्स्क हे रशियातलं समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेलं शहर आहे. ऑगस्ट २००० मध्ये याच नावाची रशियन पाणबुडी बुडाली, ११८ माणसं गेली, आणि बाबा वांगाचं बोलणं खरं ठरल्याचा डंका पिटला गेला. पण हे वाक्य दुर्घटनेच्या आधी कुठे छापलं होतं, कोणत्या तारखेला, हे त्या बातमीत नसतं.

सगळी मेख तिथेच आहे. आजच्या काळातले भविष्यवेत्ते, संदेष्टे, ज्योतिषी पुढचं खरंच सांगू शकतात का, हे ठरवायला देव मानणं किंवा न मानणं लागत नाही. काही साधे प्रश्न पुरतात. भाकीत घटनेच्या आधी लिहिलेलं होतं का? त्यात काय, कुठे, कधी हे इतकं स्पष्ट होतं का, की ते चुकलं तर चुकलं असं म्हणता येईल? त्याच माणसाची चुकलेली भाकितंही मोजली का? आणि चौथा प्रश्न, जो बहुतेक वेळा राहून जातो: काहीही न कळणाऱ्या माणसाने नुसता अंदाज ठोकला असता तर त्याची किती बरोबर आली असती?

अमेरिकेतल्या जीन डिक्सन यांच्यावर हे प्रश्न लावून बघू. कारण त्यांचं भाकीत खरोखरच आधी छापलेलं होतं. १९५६ मध्ये 'परेड' नावाच्या साप्ताहिक पुरवणीत त्यांचं म्हणणं आलं की १९६०ची अध्यक्षीय निवडणूक डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार जिंकेल आणि पदावर असताना त्याची हत्या होईल किंवा त्याला मृत्यू येईल, ते पहिल्याच कार्यकाळात होईल असं मात्र नाही. १९६३ मध्ये जॉन केनेडींची हत्या झाली आणि डिक्सनबाई जगप्रसिद्ध झाल्या. ऐकताना अंगावर काटा येतो हे मान्य. आता जरा जवळून बघा. मुख्य पक्ष दोनच, म्हणजे पक्षाचा अंदाज बरोबर यायची शक्यता साधारण निम्मी. हत्या किंवा मृत्यू, पहिला कार्यकाळ किंवा दुसरा, असं सगळं मोकळं ठेवलेलं. शिवाय १८४०, १८६०, १८८०, १९००, १९२० आणि १९४० या वर्षांच्या निवडणुका जिंकलेले सहाही अध्यक्ष पदावर असतानाच वारले होते. दर वीस वर्षांचा हा योगायोग अमेरिकेत आधीपासून चर्चेत होता, तेव्हा १९६०साठी असं काही बोलायला दिव्यदृष्टी लागत नव्हती. आणि याच बाईंनी निवडणूक जवळ आल्यावर, १९६० मध्ये, रिचर्ड निक्सन जिंकतील असं सांगितलं. चंद्रावर पहिला माणूस सोव्हिएत रशियाचा असेल, हेही त्यांचंच. चुकलेलं सगळं वाहून गेलं, केनेडी तेवढे लक्षात राहिले. गणिताचे प्राध्यापक जॉन ॲलन पाउलोस यांनी या प्रकाराला 'जीन डिक्सन परिणाम' असं नावच दिलं: बरोबर आलेल्या थोडक्या गोष्टींचा गाजावाजा आणि चुकलेल्या ढीगभर गोष्टींचा विसर.

अलीकडचं उदाहरण २०२०चं. डोनाल्ड ट्रम्प लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येणार असं देवाने आपल्याला कळवलंय, असं अमेरिकेतल्या करिश्माई (म्हणजे देव आजही माणसांना थेट संदेश देतो असं मानणाऱ्या) ख्रिस्ती पंथांमधल्या अनेक संदेष्ट्यांनी जाहीर सांगितलं होतं. नाव, पद, साल सगळं स्पष्ट, म्हणजे पडताळायला उत्तम. ट्रम्प हरले. जेरमाया जॉन्सन या तरुण धर्मोपदेशकाने जानेवारी २०२१ मध्ये आपण चुकलो असं लिहून माफी मागितली. त्याच्या वाट्याला काय आलं? शिव्या आणि जिवे मारण्याच्या धमक्या, तेही त्याच्याच बाजूच्या लोकांकडून. भाकीत चुकलं याचा राग नव्हता, चुकलं हे त्याने कबूल केलं याचा होता. मला यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. खरं तर ज्या धर्मग्रंथावर ही मंडळी हात ठेवतात त्यातच कसोटी दिलेली आहे. बायबलच्या अनुवाद या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात म्हटलंय की संदेष्टा परमेश्वराच्या नावाने बोलला आणि ते घडलं नाही, तर ते बोलणं परमेश्वराचं नव्हतं असं समजावं.

तारखा देऊन तोंडघशी पडलेल्यांची यादी लांबलचक आहे. कॅलिफोर्नियातल्या हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ हा न्यायनिवाड्याचा दिवस ठरवला, तो टळल्यावर २१ ऑक्टोबर सांगितला, तोही टळला. आपल्याकडे फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार म्हणून प्रलयाची हूल उठली होती. अष्टग्रहीची ती भीती आणि देशभर झालेले यज्ञ आजही घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवतात. त्याच ५ फेब्रुवारीला खग्रास सूर्यग्रहण होतं, खगोलशास्त्रज्ञांनी आधीच सांगितलेलं. ते ठरल्या वेळी झालं. प्रलय झाला नाही.

पण अशा एकेका गोष्टीवरून निकाल लावणं बरं नव्हे. 'तो भोंदू होता, खरा जाणकार वेगळा असतो' असं कुणीही म्हणेल, आणि त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. म्हणून पुण्यात झालेली चाचणी मला फार मोलाची वाटते. तिच्यात कुणाला भोंदू ठरवायचं नव्हतं. दावा तपासायचा होता.

पार्श्वभूमी अशी. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायचा निर्णय घेतला. डॉ. जयंत नारळीकरांसारख्या शास्त्रज्ञांनी त्याला विरोध केला. पण नुसता विरोध करून नारळीकर थांबले नाहीत. ज्योतिष हे शास्त्र असल्याचा दावा आहे ना, मग ते शास्त्रासारखं तपासू, अशी त्यांची भूमिका होती. २००८ मध्ये त्यांनी संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिष आतून जाणणारे प्रकाश घाटपांडे यांच्यासह एक चाचणी आखली.

दोनशे मुलांची जन्मवेळ, जन्मतारीख आणि जन्मस्थळ गोळा केलं. त्यातली शंभर मुलं शाळेत अभ्यासात चमकणारी, आणि शंभर विशेष शाळांमधली, बौद्धिक अक्षमता असलेली. सगळ्यांच्या कुंडल्या मांडल्या, त्यांना सांकेतिक क्रमांक दिले. मग ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं: तुम्हाला या दोनशेमधल्या, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या चाळीस कुंडल्या पाठवतो, प्रत्येक कुंडली हुशार मुलाची की बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाची एवढंच सांगा.

प्रश्न किती विचार करून निवडलाय बघा. 'स्वभाव कसा', 'भाग्य कसं' असलं काही विचारलं की उत्तर कसंही फिरवता येतं. इथे मधली वाट नाही. दोन्ही गटांत फरक इतका ठळक की कुंडलीत बुद्धीबद्दल काहीही दिसत असेल तर ते इथे दिसायलाच हवं. पत्रिका बघून मुलाची बुद्धी, शिक्षण, कोणती शाखा घ्यावी हे तर ज्योतिषी रोजच सांगतात. मूल समोर नाही, आईबाप समोर नाहीत, त्यामुळे चेहरा वाचून, बोलण्यातून धागा पकडून उत्तर काढायची सोयही नाही. समोर फक्त कुंडली, आणि दावा कुंडलीचाच आहे.

५१ ज्योतिषांनी कुंडल्या मागवल्या. उत्तरं पाठवली २७ जणांनी. उत्तीर्ण होण्यासाठी चाळीसपैकी २८ बरोबर यायला हवी होती. २८च का? डोळे मिटून नाणं उडवत उत्तरं लिहिली तर सरासरी २० बरोबर येतील. कधी १७ येतील, कधी २३. पण नुसत्या नशिबाने २८ किंवा त्याहून जास्त यायची शक्यता हजारात आठच्या आसपास आहे. म्हणजे २८ आले तर 'हे काहीतरी वेगळं आहे' असं म्हणायला जागा होती.

कुणालाच २८ आले नाहीत. सगळ्यात जास्त आले २४, तेही एकाला. २२ आले दोघांना. बाकीचे चोवीसजण २० किंवा त्याखाली. सगळ्यांची सरासरी निम्म्यालाही पोचली नाही. ज्योतिष शिकवणाऱ्या संस्थांना तर सगळ्या दोनशे कुंडल्या बघायची मुभा होती. उत्तरं एकाच संस्थेकडून आली, त्यातली १०२ बरोबर निघाली. नाणं उडवूनही शंभराच्या आसपासच आली असती.

२४ मिळवणाऱ्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. त्याने स्वतःच्या जाहिरातीत 'नारळीकरांच्या चाचणीत पहिला' असं लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं, आणि वाचणाऱ्यांपैकी बरेचजण भारावून गेले असते. आता गणित करून बघा. २७ माणसं नुसतं नाणं उडवत बसली तर त्यातल्या तिघाचौघांना २४ किंवा जास्त मिळतील अशी अपेक्षा धरता येते. इथे एकालाच मिळाले. पुष्कळ लोक अंदाज करत असतील तेव्हा त्यातला कुणीतरी पहिला येतोच, त्यासाठी त्याला काही कळत असायची गरज नसते.

चाचणीवर आक्षेप आले, ते ऐकून घ्यायला हवेत. जन्मवेळा अचूक नसतील, हा पहिला. पण लग्नाच्या पत्रिका ज्या जन्मवेळांवर जुळवतात त्यांच्यापेक्षा या वेळा वाईट असायचं कारण काय? वेळेतली थोडी चूक सगळं शास्त्र कोसळवत असेल, तर रोजच्या व्यवहारातलं भविष्यही कोसळायला हवं. दुसरा आक्षेप, खरे जाणकार असल्या चाचण्यांत उतरत नाहीत. यावर अमेरिकेतला शॉन कार्लसन यांचा प्रयोग बघण्यासारखा आहे. 'नेचर' या नियतकालिकात तो १९८५ मध्ये आला. त्यात भाग घेणारे ज्योतिषी त्यांच्याच क्षेत्रातल्या संघटनेच्या शिफारशीने निवडले होते आणि चाचणीची पद्धत त्यांना आधी मान्य होती. एक जन्मकुंडली आणि तीन माणसांची व्यक्तिमत्त्व-चाचणीची टिपणं द्यायची, त्यातलं त्या कुंडलीच्या माणसाचं टिपण ओळखायचं. निदान निम्मी ओळखू, असं त्यांचं म्हणणं होतं. ओळखली साधारण एक तृतीयांश, तिघांतून डोळे मिटून एक उचलल्यावर येतील तितकीच.

पुण्याच्या निकालातली आणखी एक बाजू मला फार महत्त्वाची वाटते. बौद्धिक अक्षमता असलेलं मूल घरात आलं की आईबापांना, त्यातही आईला, कुणीतरी पत्रिकेतला दोष दाखवतोच. मूळ नक्षत्र, पितृदोष, मग त्याच्या शांती, त्याचा खर्च. सत्तावीस जाणकारांना शंभर मुलांच्या कुंडल्यांत तो 'दोष' शोधून काढता आला नाही. जो आधी दिसत नाही, तो मूल समोर आल्यावर दाखवण्यात काय अर्थ आहे?

आता फसवणुकीचा एक आधुनिक प्रकार, कारण आजचे भविष्यवेत्ते भगवं किंवा काळं नेसूनच येतात असं नाही. शेअर बाजाराच्या टिपा देणारा समजा ६४०० मोबाइल नंबर मिळवतो. निम्म्यांना 'हा शेअर या आठवड्यात चढणार' असा मेसेज, निम्म्यांना 'पडणार' असा. आठवडा संपला की ज्या ३२०० जणांना चुकीचं सांगितलं त्यांना तो विसरून जातो. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग. १६००, ८००, ४००, २००, आणि सहाव्या आठवड्यानंतर शंभर माणसं अशी उरतात, ज्यांनी या 'तज्ज्ञा'ला लागोपाठ सहा वेळा बरोबर येताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. सातव्या आठवड्यात तो पैसे मागतो. त्या शंभरांपैकी एकेकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पुरावा खरा आहे, डोळ्यांदेखत घडलेला आहे. फक्त उरलेले ६३०० लोक त्यांना दिसत नाहीत.

यातलाच घरगुती प्रकार म्हणजे मुलगा की मुलगी हे सांगून 'चुकलं तर पैसे परत' म्हणणारा. शंभर जणांना 'मुलगा' सांगायचं, प्रत्येकी पाचशे घ्यायचे, मुली झाल्या त्या निम्म्यांचे प्रामाणिकपणे परत करायचे. पंचवीस हजार हातात राहतात आणि वर दिलदार म्हणून नाव होतं.

तरीही 'पण मला तर अगदी बरोबर सांगितलं' असं म्हणणारी शहाणीसुरती माणसं भेटतात. ती खोटं बोलत नसतात. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व-चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं वर्णन' म्हणून एकेक कागद दिला. ते किती जुळतं याला शून्य ते पाचमध्ये गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग त्याने सांगितलं की सगळ्यांच्या कागदावर एकच मजकूर होता, आणि त्यातली वाक्यं बहुतेक बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातली होती. तुम्ही वरून शांत दिसता पण मनात काळजी असते, लोकांसाठी करता पण त्याचं चीज होत नाही, असल्या वाक्यांत प्रत्येकजण आपलं आयुष्य ओततो. त्यातून बरेचदा माणूस तिथे जातो तेव्हा घरात आजारपण असतं, मुलीचं लग्न जमत नसतं, नोकरी गेलेली असते. समोरचा शांतपणे ऐकून घेतो, 'मार्चनंतर दिवस पालटतील' म्हणतो. तेवढ्या धीराची माणसाला खरीच गरज असते आणि ती कमी लेखू नये. पण धीर मिळाला म्हणून भाकीत बरोबर होत नाही, आणि त्या धीराच्या मागे अंगठी, खडा, शांती यांचं बिल येतं तेव्हा हिशेब विचारायलाच हवा.

मग पुढचं कुणालाच कळत नाही का? कळतं, आणि किती कळतं हे त्या गोष्टीवर अवलंबून असतं. ग्रहणाची वेळ शेकडो वर्षं आधी मिनिटांच्या हिशेबात काढता येते, कारण त्यामागची गती नियमात बसलेली आहे. हवामान तसं नाही. सुरुवातीच्या मोजमापातला बारीकसा फरक थोड्या दिवसांत प्रचंड होतो, हे एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६०च्या दशकात दाखवून दिलं. म्हणून हवामान खातं तोच अंदाज सुरुवातीचे आकडे किंचित बदलून अनेकदा संगणकावर चालवून बघतं आणि शक्यता सांगतं. चक्रीवादळाच्या नकाशावर पुढे पुढे रुंद होत जाणारा पट्टा असतो, तो 'इथपर्यंत आमची चूक होऊ शकते' याची जाहीर कबुली असते. एवढी कबुली देऊनही काय साधतं? १९९९च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं मेली. २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर फायलिन आलं, तेव्हा इशाऱ्यावरून सुमारे दहा लाख लोक आधीच हलवले गेले आणि मृतांचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला. आपल्याकडे ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, त्याचीही सूचना आधी आली होती आणि किनाऱ्यावरची गावं त्यामुळे हलवता आली.

राजकारण, युद्ध, बाजार यांचं भविष्य सांगणं याहून कठीण. फिलिप टेटलॉक या अमेरिकी अभ्यासकाने २८४ तज्ज्ञांची भाकितं सुमारे वीस वर्षं नोंदवून तपासली. नुसत्या अंदाजापेक्षा ती फारशी सरस नव्हती, आणि टीव्हीवर जास्त झळकणारे तज्ज्ञ इतरांपेक्षा कमीच अचूक निघाले. म्हणजे ही कसोटी फक्त कुंडलीवाल्यांना लावायची असं नाही, सूटबूटातल्या पंडितांनाही लावायला हवी. टेटलॉक यांच्या पुढच्या प्रयोगांत काही सामान्य माणसं मात्र सातत्याने चांगलं भाकीत करताना आढळली. त्यांची पद्धत अशी: 'होणारच' असं न म्हणता 'साठ टक्के' म्हणायचं, नवी बातमी आली की आकडा बदलायचा, आणि शेवटी आपली चूक गुणांमध्ये मोजून घ्यायची. गुण मोजायची ती रीत हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये बसवली. हाच हिशेब जो भविष्यवेत्ता स्वतःहून ठेवतो आणि दाखवतो, त्याचं मी आनंदाने ऐकेन. आजवर जिथे जिथे असा हिशेब ठेवला गेला, तिथे दिव्यदृष्टीचा माग लागलेला नाही.

काही दारं मात्र सगळ्यांनाच बंद आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, जवळपास दहा हजार माणसं झोपेतच गेली. ते ना कुठल्या पंचांगात होतं, ना शास्त्रज्ञांना माहीत होतं. जमिनीखालच्या खडकात ताण साठतो हे कळतं, कोणता भाग धोक्याचा हे कळतं, पण तो ताण कोणत्या दिवशी, किती वाजता सुटेल हे सांगायची पद्धत आज जगात कुणाकडेही नाही. त्यामुळे भूकंपाच्या हादऱ्यानंतर 'आज रात्री दोन वाजता पुन्हा मोठा धक्का, घराबाहेर राहा' असा मेसेज आला, तर त्याखाली नाव एखाद्या महाराजांचं असो की परदेशी अवकाशसंस्थेचं, तो खोटा आहे. पुढे पाठवू नका. घराला तडे गेले असतील तर मात्र मेसेजची वाट न बघता बाहेर पडा, आणि जाणकाराने घर तपासून दिल्याशिवाय आत झोपू नका.